'अस्पर्श' या विशेषणाविरुद्ध

बोर्निओच्या प्रवासवर्णनांत 'अस्पर्श अरण्य' हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. आम्हांस तो विचारावासा वाटतो.

मलेशियाच्या सबा राज्यातील किनाबातांगान नदीवर होडीतून हिंडताना लांबनाकी माकडे दिसतात, कधी हत्तींचा कळप, नशिबात असल्यास ओरांगउटानही. लेखक यास निसर्गाचे औदार्य म्हणतो. माकडे संध्याकाळी नदीकाठी येतात, तो त्यांचा स्वभावच. हत्तींचे तसे नाही. काठावरच्या रानामागे तेलताडाचे मळे पसरले आहेत. मागे सरकायला जागा उरलेली नाही. २००५ साली घोषित झालेले तेथील अभयारण्य सुमारे २६,००० हेक्टरांचे, तेही तुकड्यातुकड्यांचे. म्हणजे ज्या सुलभ दर्शनाने लेखक भारावतो, ती अरण्य आक्रसल्याची खूण आहे.

आल्फ्रेड वॉलेसने १८६९च्या 'द मलय आर्किपेलागो'त स्वतः मारलेल्या ओरांगउटानांच्या नोंदी दिल्या. त्या आज वाचवत नाहीत. पण त्याने आपला हात लपवला नाही. आमचा प्रवासलेखक मात्र कॅमेऱ्यामागे निर्दोष उभा असतो. पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. आपल्या कढईपासून त्या मळ्यांपर्यंतचा प्रवास वर्णनात का येऊ नये?

तेथे जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. नदीकाठच्या काही गावांचे पोट पर्यटनावर आहे. पण विशेषणच खोटे असेल, तर उरलेले वर्णन कितीही रसाळ असो, ते जाहिरातपत्रकच.