नोटीस कन्नडमध्ये, पण नावं कुठंयत?

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगची नोटीस लागली. गायन, नृत्य, एकांकिका, रांगोळी, सगळं आहे. पण नोटीस कन्नड आणि इंग्रजीत, मराठीत एक ओळ नाही. लगेच ग्रुपवर फोटो फिरला, खाली रागाचे इमोजी.

राग मलाही आला. पण गेल्या वर्षीचं आठवतंय का? मराठी एकांकिकेला आठ जण पाहिजे होते, नावं आली तीन. एकांकिका रद्द झाली आणि आपण म्हणालो, मराठीला डावललं.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. संविधानाचं कलम 29 आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क देतं. म्हणून मराठीत नोटीस मागणारा अर्ज मी लिहिलाय, सह्या करा. पण हक्क नुसता कागदावर जपता येत नाही, तो वापरावा लागतो.

1946 साली याच बेळगावात साहित्य संमेलन भरलं आणि तिथंच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. 2015 ला नाट्य संमेलनही इथंच झालं. 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत आपण एवढे जण असतो. मग स्टेजवर आठ जण का मिळू नयेत?

सोमवारी नावं द्यायची शेवटची तारीख आहे. अभिनय जमत नसेल तर पडदा ओढा, प्रॉम्प्टिंग करा, तालमीला चहा आणा. कन्नड मित्रांनाही बघायला बोलवा, आपलं भांडण त्यांच्याशी नाही.

अर्जावर सही कराच. पण त्याआधी यादीत नाव घाला.