पडलेला भाव म्हणजे स्वस्त माल नव्हे

बाजार कोसळला की ‘चांगले शेअर स्वस्तात मिळताहेत’ असा सल्ला हमखास ऐकू येतो. टेलिकॉमची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कॅनडाच्या नॉर्टेलचा शेअर २००० साली १२४ कॅनेडियन डॉलरवर गेला होता. तो निम्म्यावर आल्यावर ‘स्वस्त’ म्हणून घेऊन धरून बसलेलेही बुडाले. २००२ मध्ये भाव एका डॉलरच्या खाली आला, २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली. नॉर्टेल, ल्युसेंट यांसारख्या कंपन्या ग्राहकांना स्वतःच कर्ज देऊन माल विकत होत्या. ग्राहक बुडाले, तेव्हा विक्री थांबली आणि उधारीही बुडाली. उधारीची वही जाड झाली म्हणून किराणा दुकान भरभराटीला आले असे आपण म्हणतो का? मग शेअर घेतानाही भाव किती पडला हे नंतर पाहा. आधी विचारा, माल घेणाऱ्याने पैसे कुठून दिले?