नांवाची किंमत

रसिकता कशाची, चित्राची कीं स्वाक्षरीची? १६०९ सालीं हार्लेम येथें जन्मलेल्या यूडिथ लेस्टरनें १६३३ मध्यें तेथील चित्रकारसंघांत स्वतंत्र चित्रकाराचा मान मिळविला. १६६० मध्यें ती वारली, आणि तिचीं चित्रें विख्यात फ्रान्स हाल्सच्या नांवावर खपूं लागलीं. तिच्या आडनांवाचा अर्थ ध्रुवतारा. म्हणून ती आद्याक्षरांशेजारीं तारा काढी. १८९३ सालीं ‘हाल्स’च्या एका चित्रावर ती खूण ओळखली गेली. नवी प्रतिभा गवसल्याचा आनंद झाला काय? छे! मोल उतरलें आणि पैशांसाठीं लंडनच्या न्यायालयांत वाद गेला! रेषा त्याच, रंग तेच. उणें झालें तें एका थोर पुरुषाचें नांव. असल्या हिशेबाला रसिकता म्हणणें हा कलेचा उपमर्द होय. वाचकहो, चित्र आधीं पाहावें. नांव मागाहून वाचावें.