शिरेचा मार्ग आणि खर्चाचा हिशेब

कर्करोगाच्या उपचारांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा औषधाच्या नावाभोवती आणि त्याच्या किमतीभोवती फिरत राहते. ते औषध शरीरात कोणत्या वाटेने जावे, हा प्रश्न परिचारिकेच्या हातगुणावर सोपवून रुग्ण, त्याचे नातलग आणि पुष्कळदा डॉक्टरही निश्चिंत असतात. मग काही किमो झाल्यावर हाताच्या शिरा काळवंडून दोरीसारख्या ताठर होतात, टोचायला शीर सापडेनाशी होते. आणि डॉक्सोरुबिसिन, ज्याला वॉर्डात सारेच लाल औषध म्हणतात, ते शिरेबाहेर झिरपले म्हणजे कातडीखालचे मांससुद्धा जळून महिनोन्महिने न भरणारी जखम होते, तेव्हा कुठे या प्रश्नाची आठवण होते.

हृदयानजीकच्या महानीलेपर्यंत नळी पोचविली, तर रक्ताच्या मोठ्या ओघात औषध तत्काळ सौम्य होते व शिरेचा दाह टळतो. त्यासाठी प्रचारात असलेली साधने मुख्यतः तीन. दंडाच्या शिरेतून सरकवलेली पिक लाईन, सिएटलच्या डॉ. रॉबर्ट हिकमन यांनी 1979 साली मज्जारोपणाच्या रुग्णांसाठी वर्णिलेली, छातीच्या कातडीखालून नेऊन बाहेर काढलेली हिकमन नळी. आणि जिचा कोणताच भाग बाहेर राहत नाही अशी, कातडीखाली बसवलेली पोर्टची लहानशी डबी. पहिली खाटेवरच, जागा बधिर करून, थोडक्या खर्चात बसते. पोर्टसाठी छोटी का होईना, शस्त्रक्रिया करावी लागते, आणि काढतानाही ती चुकत नाही. आरंभीच्या बिलावरून निवड करावयाची तर पोर्ट हरणार, हे उघड आहे.

परंतु ब्रिटनमधील अठरा कर्करोग केंद्रांत 1061 रुग्णांवर झालेल्या व 2021 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेने वेगळीच रुजवात घातली. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, नळी तुंबणे असे उपद्रव पोर्टच्या 32 टक्के रुग्णांत आढळले, तर पिक लाईनच्या 47 टक्के. हिकमनशी तुलना केली तेव्हा हेच प्रमाण 29 आणि 43 असे निघाले. पिक आणि हिकमन यांच्यात मात्र निवडण्याजोगे फारसे अंतर दिसले नाही.

या आकड्यांना आपल्याकडे एक अधिक वजन येते. पिक लाईनची मलमपट्टी आणि नळी धुण्याचे काम दर आठवड्याला करावे लागते. पोर्ट वापरात नसताना साधारण महिन्यातून एकदा धुतले की पुरते. परभणी किंवा गडचिरोलीकडच्या खेड्यातून मुंबई-नागपूरला येणाऱ्या शेतमजुराच्या घरी हा साप्ताहिक हेलपाटा म्हणजे तिकीट, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचाही एक दिवस. शिवाय दंडाला नळी असता पाण्याचे हंडे उचलणे, धुणे आपटणे, ओढ्यात उतरणे वर्ज्य. ज्या बाईचे सारे जिणेच या कामांवर उभे आहे तिला “हात जपा” असे बजावून घरी धाडणे म्हणजे न पाळता येणारा हुकूम देणे होय. या साऱ्याचा जमाखर्च मांडला तर स्वस्त म्हणून घेतलेली नळी महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात अल्प मुदतीच्या उपचारासाठी पोर्टची यातायात करू नये, आणि रक्ताच्या कर्करोगात किंवा मज्जारोपणात, जेथे एकाच वेळी रक्त, औषधे व पोषण द्यावे लागते, तेथे हिकमनचे प्रयोजन संपलेले नाही. खरी अडचण दुसरीच आहे. पोर्टच्या पडद्याला ह्यूबरची विशिष्ट सुईच लागते. साधी सुई त्यात टोचली तर पडद्याचा कपचा निघून तो गळू लागतो. तालुक्याच्या इस्पितळात ती सुई नसेल आणि ती निर्जंतुक पद्धतीने टोचणारी परिचारिकाही नसेल, तर महिन्याकाठची ती एक खेपही पुन्हा मोठ्या शहरालाच होणार.

म्हणून सरकारी आरोग्य योजनांनी पोर्ट, ते बसविण्याचा व काढण्याचा खर्च आणि या सुया यांची तरतूद उपचाराचाच भाग म्हणून करावी, व जिल्हा रुग्णालयांतील निदान दोन परिचारिकांना हे शिक्षण द्यावे. तोवर वाचकांना एवढेच सांगणे की, किमोचा कागद हाती पडताच, पहिल्या सुईपूर्वी, डॉक्टरांना विचारावे: उपचार किती महिने चालणार, त्याला कोणती नळी योग्य, आणि ती धुण्याची सोय आमच्या घरापासून किती कोसांवर आहे?