महामार्ग सरळ झाला, झोपेचे काय?

मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी. मुंबई-पुण्यातील कुटुंबे वर्षातून निदान एकदा गाडी काढून लांबच्या गावाला निघतात. अनेकांचा बेत सारखाच असतो. कार्यालयातून सातला घरी यायचे, जेवण उरकून नऊला निघायचे आणि उजाडताना गाव गाठायचे. रात्री ऊन नसते, रहदारी कमी असते, मुले मागच्या आसनावर झोपून जातात आणि एका दिवसाची रजाही वाचते. हिशेब बिनचूक वाटतो. गाडी चालवणारा माणूस सकाळी सहापासून जागा आहे, एवढी एकच गोष्ट त्यात धरलेली नसते.

या प्रश्नाला महाराष्ट्रात अलीकडे नवे वळण मिळाले आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सिग्नल नाही, चौक नाही, समोरून येणारे वाहन नाही आणि मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा. मुंबई-नागपूर प्रवासाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला, हा मोठा फायदा आहे. मात्र याच रस्त्यावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी दगावले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ मिनी बस ट्रकवर आदळून १२ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही अपघातांची सांगितली गेलेली कारणे वेगवेगळी आहेत, पण दोन्ही मध्यरात्रीनंतर घडले.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा बळी गेल्याची सरकारी नोंद आहे. त्यातल्या बहुसंख्य मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण लिहिलेले असते. वेग मोजता येतो. मद्य श्वासातून आणि रक्तातून तपासता येते. चालकाला डुलकी लागली होती का, हे मात्र अपघातानंतर कोणत्याही चाचणीत दिसत नाही. त्यामुळे पंचनाम्यात ‘नियंत्रण सुटले’ एवढेच येते आणि झोप आकडेवारीतून निसटते.

कंटाळा वेगळा, झोप वेगळी

कसारा घाट चढताना सहसा कोणी पेंगत नाही. वळण, गिअर, पुढचा ट्रक, मागचा भोंगा यांत मेंदू सतत गुंतलेला असतो. सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर त्याला करण्यासारखे काही उरत नाही. डोळे उघडे असतात, हात सुकाणूवर असतात, पण गेल्या दहा किलोमीटरमध्ये काय पाहिले ते आठवत नाही. अनेक चालकांनी हा अनुभव घेतलेला असतो. हा झाला कंटाळा, म्हणजे कामाअभावी आलेली मेंदूची सुस्ती.

झोपेची ओढ ही निराळी गोष्ट आहे. माणूस जागा झाल्यापासून त्याच्या मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि झोपेची गरज वाढत जाते. त्याच्या जोडीला शरीरातले घड्याळ असते. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत ते सतर्कता खाली आणते. दिवसभर काम करून पहाटे तीनला गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत हे दोन्ही भार एकदम येतात.

एकसुरी रस्ता झोप निर्माण करत नाही. आधीच साठलेल्या झोपेला तो वाट मोकळी करून देतो. म्हणूनच करमणुकीचा उपयोग कुठवर होतो, हे नीट समजून घ्यायला हवे. कंटाळ्यावर करमणूक हा उपाय आहे, झोपेवर नाही.

झोपेअभावी होणारी हानी किती असते? १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी याची मद्याशी तुलना केली. सलग १७ तास जागे राहिल्यावर हात आणि डोळे यांच्या मेळाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तेवढी घसरते, असे त्यांना आढळले. २४ तास जागरण झाल्यावर ती सुमारे ०.१ टक्के मद्याएवढी खालावते. भारतात वाहनचालकासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला ही १७ तासांची रेषा ओलांडतो. त्या वेळी त्याचा प्रवास नुकताच सुरू झालेला असतो.

अशा अवस्थेत तीन-चार सेकंदांच्या डुलक्या येतात. त्यांना मायक्रोस्लीप म्हणतात. अनेकदा चालकाला त्या आल्याचेही कळत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंदांच्या डुलकीत शंभर मीटर रस्ता चालकाविना पार होतो.

गाणी, गप्पा आणि फोन

झोप येऊ लागली की लोक काच खाली करतात, गाण्याचा आवाज वाढवतात, तोंडावर पाणी मारतात. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात १९९०च्या दशकात पेंगुळलेल्या चालकांवर असे उपाय तपासण्यात आले. थंड हवा आणि रेडिओ यांचा परिणाम किरकोळ आणि थोडाच वेळ टिकणारा ठरला. जागा शोधून गाडी थांबवण्यापुरता तो उपयोगी आहे, पुढचे दोनशे किलोमीटर काढण्यापुरता नाही. कॉफी आणि छोटी झोप यांचा फायदा मात्र स्पष्ट दिसला.

यातून एक सोपी कृती मिळते. गाडी सुरक्षित जागी थांबवावी, दोन कप कॉफी प्यावी आणि लगेच १५ ते २० मिनिटे डोळे मिटून पडावे. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येताना दोन्हींचा लाभ मिळतो. टपरीवरच्या कटिंग चहात कॅफिन बरेच कमी असते, त्यावर भिस्त ठेवू नये. झोप तासभर लांबली तर उठल्यावर काही वेळ जडपणा राहतो, तो जाईपर्यंत सुकाणू हाती घेऊ नये. हा उपायही तास-दोन तासांचाच आहे, रात्रभराच्या झोपेची जागा तो घेत नाही.

पुरेशी झोप झालेल्या चालकाला मात्र करमणुकीचा खरा उपयोग होतो, आणि त्यात शेजारी बसलेल्या माणसाइतके चांगले साधन नाही. त्याला रस्ता दिसत असतो. पुढे ट्रक अचानक वळला की तो बोलता बोलता थांबतो, ‘सांभाळून’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातले काही दिसत नाही, तो बोलतच राहतो. हात मोकळे ठेवणारे उपकरण वापरले तरी लक्ष विभागले जाते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. डॅशबोर्डवर लावलेल्या फोनवरचे व्हिडिओ तर डोळेच रस्त्यावरून काढून घेतात. म्हणून लांबच्या प्रवासात पुढच्या आसनावरील व्यक्तीने झोपू नये. तिला झोप आली तर मागच्या कोणाशी जागा बदलावी, आणि सगळेच पेंगत असतील तर तो थांबण्याचा इशारा समजावा.

मुलांच्या हाती फोन दिला की गाडीत शांतता होते, पण उलटीचा त्रासही तिथूनच सुरू होतो. डोळे स्थिर पडद्यावर असतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव हालचाल नोंदवत असतो. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून मळमळते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण जास्त असते. गाण्याच्या भेंड्या, गोष्टी, मैलाच्या दगडांवरची गावे ओळखणे, ठरावीक रंगाच्या गाड्या मोजणे अशा खेळांत नजर बाहेर राहते आणि पोट शांत राहते. खाणे निघण्यापूर्वी हलके असावे, उपाशीपोटी नसावे. मागे बसलेल्यांनी, झोपलेल्यांनीसुद्धा, पट्टा लावलेला असावा आणि लहान मुलांना मांडीवर न घेता त्यांच्यासाठीच्या आसनात बसवावे.

थांबण्याची गरज शरीरालाही

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार, चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. विमान, रेल्वे, बस आणि मोटार या सर्वांना हे लागू आहे. निरोगी माणसात मूळ धोका फारच कमी असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, अलीकडे शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, अतिस्थूल व्यक्ती आणि पूर्वी गुठळी झालेले लोक यांनी मात्र काळजी घ्यावी आणि लांबच्या प्रवासापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंग टाकू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

यावरचा उपाय साधा आहे. दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत, पाणी पीत राहावे. पण अडचण नेमकी इथेच आहे. रस्त्यात स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्याने अनेक स्त्रिया निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात आणि तासन् तास लघवी रोखून धरतात. मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी, चक्कर हे त्याचे परिणाम घरी पोहोचल्यावर दिसतात. मधुमेही आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांची अवस्थाही फारशी वेगळी नसते. समृद्धी महामार्गावर वाहने धावू लागली तेव्हा विश्रांतीच्या आणि खाण्यापिण्याच्या सोयी अपुऱ्या असल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या होत्या. अशा सोयी चैनीच्या मानल्या जातात आणि रस्ता खुला झाल्यावर सावकाश येतात. खरे तर संरक्षक कठड्याइतक्याच त्या सुरक्षेचा भाग आहेत. थांबायला जागा नसेल तर ‘झोप आल्यास थांबा’ या फलकाला अर्थ राहत नाही.

औषधांबाबतही सावधगिरी हवी. उलटी थांबवणाऱ्या प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या, सर्दीच्या अनेक गोळ्या आणि काही खोकल्याची औषधे झोप आणतात. चालकाने ती घेऊ नयेत. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने निघण्यापूर्वी आणि वाटेतही साखर तपासावी, ग्लुकोज हाताशी ठेवावे, जेवणाची वेळ चुकवू नये. साखर उतरल्यावर होणारा गोंधळ आणि पेंग यांतला फरक चालवताना कळत नाही. उन्हात बंद केलेली गाडी काही मिनिटांत भट्टी होते. तिच्यात इन्सुलिन ठेवू नये, आणि मुलांना तर क्षणभरही नाही.

तास कोण मोजणार?

व्यावसायिक चालकांसाठी १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. लांब पल्ल्यासाठी ती जास्तीत जास्त दहा तासांपर्यंत नेता येत असे. सलग पाच तास कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा विराम घ्यावा लागतो आणि ट्रक-बसमधील उपकरणे त्याची नोंद ठेवतात. आपल्याकडे नियम आहे, पण तास मोजण्याची व्यवस्था दुबळी आहे. टायर आणि वेग तपासणाऱ्या नाक्यावर ‘शेवटची झोप कधी घेतली?’ हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

ही जबाबदारी प्रवाशांवरही येते. लग्नासाठी भाड्याने घेतलेल्या गाडीचा चालक दिवसभर मांडवाबाहेर गाडीतच बसून असतो आणि रात्री वऱ्हाड त्याला ‘निघू या’ म्हणते. तो नाही म्हणू शकत नाही, कारण त्या फेरीवर त्याची कमाई अवलंबून असते. अशा वेळी चालकाच्या एका रात्रीच्या खोलीचे भाडे हा प्रवासखर्चाचाच भाग धरायला हवा. खासगी मोटारीच्या चालकाला तर कोणताच कायदा थांबवत नाही. तिथे घरच्यांनीच तास मोजायचे असतात.

सुट्टीचा बेत आखताना एवढे ठरवता येईल. आदल्या रात्री सात तास झोप आणि प्रस्थान पहाटे पाचनंतर. आठ-नऊ तासांहून अधिक प्रवास असेल तर दोन चालक किंवा वाटेत मुक्काम. दर दोन तासांचे थांबे आधीच ठरवलेले, त्यात दुपारी जेवणानंतरचा अर्धा तास विश्रांतीचा. वारंवार जांभया, डोळ्यांची जळजळ, गाडी मार्गिकेबाहेर सरकणे, मागचा फाटा केव्हा गेला ते न आठवणे, यांपैकी एकही खूण दिसली की पुढच्या थांब्यावर गाडी उभी करावी. गावाकडे वाट पाहणाऱ्यांना तसा फोन शेजारच्या आसनावरून करता येतो. दोन तास उशीर होईल, एवढेच सांगायचे असते.