खिम्याच्या पॅटिसला कढीपत्त्याची साथ

रविवारी केलेले चिकन खिम्याचे पॅटिस मंगळवारी डब्यात दिले की मुले 'वास येतो' म्हणून तसेच परत आणतात. शेवग्याची पाने वाटून घातली तर ते जास्त दिवस टिकतील का, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. (बेकरीत मिळते ते खारीच्या पुडांचे पॅटिस नव्हे, घरी तव्यावर भाजतो ते.) पाने घालायला हरकत नाही. पण खिमा दोन कारणांनी बिघडतो आणि आपली पाने-मसाले त्यातल्या एकाच कारणावर भरवशाने काम करतात, हे आधी समजून घेऊया.

पहिले कारण चरबी खवट होण्याचे. कोंबडीच्या चरबीत असंतृप्त भाग मटणाच्या चरबीपेक्षा जास्त असतो. खिमा करताना मांसाच्या कणाकणाला हवा लागते, त्यातले लोह मोकळे होते आणि वर मीठ पडते. या तिन्ही गोष्टींमुळे चरबीचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग लवकर होतो. शिजवून फ्रीजमध्ये ठेवलेले चिकन पुन्हा गरम केल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो त्याचाच. हा वास नासण्याचा नव्हे, पण मुलांच्या नाकाला एवढे पुरते!

हा खवटपणा वनस्पतींमधल्या पॉलिफेनॉल द्रव्यांनी लांबवता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग नेमका चिकन पॅटिसवरच होता. डाळिंबाचा रस, डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि कारखान्यात वापरतात ते बीएचटी हे रसायन, अशी तुलना त्यांनी केली. सालीचा अर्क सरस ठरला, आणि तोही १०० ग्रॅम मांसात जेमतेम १० मिलिग्रॅम फेनॉल जाईल इतकाच. विजापूर-सोलापूरकडची डाळिंबे आपण दाणे खाऊन साली उकिरड्यावर टाकतो, त्या सालीचा हा गुण! मात्र हे वाचून घरी साल वाटून खिम्यात घालू नका. तिच्यावर फवारणीची औषधे बसलेली असतात आणि तुरटपणा इतका की पॅटिस कोणी तोंडात धरणार नाही.

घरासाठी कढीपत्ता बरा. आपल्या अंगणातले करिबेवु. सावलीत वाळवून पूड करावी आणि अर्धा किलो खिम्याला अर्धा चमचा घालावी. आले-लसूण तर आपण घालतोच, तेही याच कामाचे. शेवग्याची पाने, म्हणजे नुग्गे सोप्पू, हेच काम करतात, पण चमचाभर पुडीच्या वर गेलात तर रंग हिरवट होतो आणि चव कडवट. ताजी पाने आणि कच्चा कांदा मात्र उलटे काम करतात. त्यांच्यातून पाणी सुटते, शिवाय मातीतले जंतू येतात. म्हणून कांदा गुलाबी परतून, गार करून मगच मिसळावा.

आता दुसरे कारण, आणि खरी काळजी इथेच आहे. जंतूंची वाढ कढीपत्त्याने थांबत नाही. उलट खवट वास आला नाही की आपण पॅटिस चांगले आहेत असे धरून चालतो, आणि आजारी पाडणाऱ्या जंतूंना बऱ्याचदा वासच नसतो. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, शिजवलेले पॅटिस तीन-चार दिवस, तेही थंडावा ४ अंशांच्या आत राहिला तर. वीज गेली आणि फ्रीज तासन् तास बंद राहिला तर हा हिशेब धरू नका. भाजताना पॅटिसचा मधला भाग ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. तेवढे मोजायला घरी काही नसेल तर पॅटिस पातळ थापा आणि आत गुलाबी छटा उरणार नाही इतके भाजा. शिजलेले चिकन बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर गेला की एकच तास. सकाळी सातला भरलेला डबा मुले एक वाजता उघडतात. त्यामुळे माझे मत विचाराल तर चिकनचे पॅटिस डब्यात नकोतच, शाळेतून आल्यावर गरम करून द्यावेत.

पोषणाचे म्हणाल तर चिकनमध्ये प्रथिने भरपूर, पण चोथा अजिबात नाही आणि कॅल्शियम नावापुरते. बांधायला मैदा किंवा पावाचा चुरा वापरण्याऐवजी भाजलेले नाचणीचे पीठ तीन-चार मोठे चमचे घाला. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, चिकनमध्ये दहा-पंधरा. रागीचे मुद्दे खाणाऱ्या घरात ही चव परकी वाटणार नाही. जोंधळ्याचे पीठही चालते. शिजवून घट्ट वाटलेली हरभऱ्याची डाळ घातली तर पॅटिस मऊ राहतात. शामी कबाबात ती पूर्वापार आहेच. आणखी एक फायदा आहे. धान्य-पानांतले लोह अंगी लागणे अवघड असते, ते मांसाबरोबर खाल्ल्याने जास्त लागते. वर लिंबू पिळले तर आणखी.

जवसाबद्दल मात्र सावध. अगशीची चटणी आपल्याकडे भाकरीबरोबर रोजची, तेव्हा ती खिम्यातही घालावी असे वाटणे साहजिक आहे. पण जवसाचे तेल चिकनच्या चरबीहूनही लवकर खवट होते. त्याच दिवशी संपणार असतील तर ताजी भाजून कुटलेली अगशी खुशाल घाला, ठेवायच्या पॅटिसमध्ये नको.

आठवडाभर पुरवायचे असतील तर कच्चेच थापून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा. लागतील तेवढेच आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत उतरवा, ओट्यावर नको. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नका.