हलकं की पोलादी?

संक्रांतीला पानिपतच्या काला अंबपाशी गेलो होतो. गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या भाचीनं तिथेच विचारलं, “मावशी, पर्समध्ये निर्भीक ठेवू का?” १७६१च्या रणभूमीवर हा प्रश्न! तसा हलक्या-जड शस्त्रांचा वाद इथला जुनाच. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा जड, तर अब्दालीची जंबुरके उंटाच्या पाठीवरून हवी तिथे जायची.

निर्भीक हे कानपूरचं पॉइंट ३२ बोअरचं सरकारी रिव्हॉल्व्हर. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४मध्ये महिलांसाठी म्हणून आलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन ५०० ग्रॅम. जुनं पोलादी ७००च्या आसपास. अर्धा किलो म्हणजे पाण्याची छोटी बाटली, पर्समध्ये खपून जाते.

पण चालवताना? काडतूस तेच असेल तर हलकं शस्त्र हाताला जास्त झटका देतं. सातशेचं पाचशे झालं की मागे येण्याचा वेग जवळपास दीडपट. ही गोळी मुळात सौम्य, म्हणून निभावतं. तरी दुसरी गोळी नेमकी मारायला सराव जास्तच लागतो. मला विचाराल तर नवख्या हाताला पोलादीच बरं.

“आणि किंमत?” निघालं तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती, हे ऐकून ती हसली. शिवाय आधी परवाना, त्यासाठी वय २१ पूर्ण हवं, पोलिसांची चौकशी वेगळीच.

गाडीत बसताना तीच म्हणाली, “पण मावशी, आमच्याकडे आधी पर्सच हिसकावतात गं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.